तेजाबाचं पाणी

छबूबाई मूळची राणीसावरगावची. दिवाळी सरली की बिऱ्हाड गाडीत टाकायचं, ऊसतोडीला जायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गावी परतायचं, असं तिचं निम्मं आयुष्य फडात गेलं. एका हंगामात उसाची ट्रॉली उलटली आणि नवरा खाली सापडला. त्याचं दिवसपाणी उरकल्यावर तिनं कोयता भावकीतल्या कुणाला तरी देऊन टाकला आणि एकुलत्या पोराला, रंगनाथाला, घेऊन तालुक्याच्या गावी राहायला आली. पोराच्या हातात कोयता द्यायचा नाही, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं. त्यासाठी खानावळीच्या भाकरी थापल्या, लोकांची धुणी केली, आणि रंगनाथ मिशा फुटायच्या वयात आला तेव्हा व्यंकटरावांच्या सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये त्याला चिकटवून दिला.

मिल सेलू रोडला, चढावर होती. छबूबाईची गल्ली उताराला, अगदी शेवटी. गल्लीतल्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी मिलमध्ये कामाला. कुणाचा नवरा पोती वाही, कुणाची सून सरकी झाडी. त्यामुळे व्यंकटरावांची गाडी गल्लीवरून गेली की ओट्यावरच्या बाया उठून उभ्या राहत. छबूबाईही राहायची. माणूस तसा वाईट नव्हता. रंगनाथाच्या लग्नाला स्वतः आला होता, नवरीला, म्हणजे सविताला, लुगडं देऊन गेला होता.

गावात भुयारी गटार झाली तेव्हा सगळ्यांत खूश छबूबाईच झाली होती. दारापुढची उघडी नाली गेली, डास गेले. घरापासून चार हातांवर लोखंडी झाकणाचं चेंबर आलं. गावाच्या वरच्या अंगाचं सगळं पाणी त्या चेंबरातून पुढं जायचं.

वर्षभर सगळं ठीक चाललं. मग दुपारच्या वेळी न्हाणीतून वास यायला लागला. साधा गटारीचा वास नव्हे. अंडं सडावं तसा, डोक्यात जाणारा. झुरळं जाळीतून भराभरा बाहेर पडून भिंतीवर चढायची. एकदा सविता मोरीत कपडे धूत बसली असताना जाळीतून पाणी उलटं वर आलं. ते गरम होतं. तिनं पाय मागं घेतला तोवर तळव्याची साल निघाली होती.

संध्याकाळी छबूबाईनं रंगनाथाला विचारलं, "रंगा, मिलचं पानी कुठं सोडतेत रं?"

"गटारीत. दुसरं कुठं?"

"कसलं पानी असतंय ते?"

रंगनाथ जेवता जेवता सांगायला लागला. तेलाला कॉस्टिक सोडा मारला की खाली साबणासारखा गाळ बसतो. त्या गाळावर तेजाब टाकून उकळलं की त्यातलंही तेल सुटतं. वरचं तेल काढून घ्यायचं, खालचं पाणी सोडून द्यायचं. हे काम मालकानं नव्यानंच सुरू केलं होतं आणि टाकीचा कॉक रंगनाथाच्या ताब्यात दिला होता. सांगताना त्याच्या आवाजात जरा ऐट होती. हमालीतून सुटून तो आता टाकीवरचा माणूस झाला होता.

"तेजाब? आन् ते आपल्या दारातून जातंय?" सविता म्हणाली. तिनं पायाला चिंधी बांधली होती.

"पाण्यात मिसळल्यावर काय ऱ्हातंय त्याचं? मालकाला कळत न्हाई का?" रंगनाथ म्हणाला आणि ताटावरून उठला.

पुढं महिन्याभरात नगरपालिकेच्या स्वच्छता निरीक्षक सुकेशनी मॅडम गल्लीत आल्या. गटार सारखी तुंबायला लागली होती, म्हणून त्यांनी बायांना मारुतीच्या पारावर गोळा केलं. गटारीत काय सोडायचं आणि काय नाही याचे नियम त्यांनी सोप्या बोलीत सांगितले. घरचं सांडपाणी जाऊ द्यावं. राख, चिंध्या, शेण, तळणाचं तेल टाकू नये. कारखान्याला तर त्याहून कडक नियम होता. उकळतं पाणी नाही, तेजाब नाही, चरबी नाही. आधी पाणी थंड करायचं, त्यातल्या तेजाबाचा जोर मोडायचा, तेल वेगळं करायचं आणि परवानगी घेऊनच जोडायचं.

"आमी मेल्या चिमूटभर राख टाकली तर एवढं बोलता," छबूबाई बोलून गेली, "मंग त्या उकळत्या पाण्याचं काय?"

मॅडमनी मान वर केली. "कुणाचं पाणी, मावशी?"

शेजारच्या कमलबाईनं छबूबाईच्या पदराला हळूच हिसका दिला. कमलबाईचा नवरा मिलच्या वजनकाट्यावर होता. छबूबाईच्या डोळ्यांपुढं रंगनाथाचा कॉकवरचा हात आला.

"कुनाचं न्हाई," ती म्हणाली. "आपलं बोलले."

मॅडम पुढच्या गल्लीला गेल्या. छबूबाईनं घरी येऊन पीठ मळायला घेतलं. पीठ पार सैल झालं तरी ती मळतच राहिली.

त्यानंतर काही दिवसांनी गटार पुरती तुंबली. सकाळपासून चेंबरच्या झाकणाखालून काळं पाणी गल्लीत पसरायला लागलं. दुपारी कंत्राटदाराचा मुकादम दोन माणसं घेऊन आला. मैला खेचायची गाडी दुसरीकडं अडकली होती. माणूस खाली उतरवायचा नाही, हा कायदा मुकादमाला माहीत नव्हता असं नाही. पण वरून सारखे फोन येत होते, गल्ली शिव्या देत होती, आणि गोपाळ नावाचा त्याचा माणूस अंगानं बारीक होता.

त्यांनी बादल्यांनी पाणी उपसलं, झाकण उघडं ठेवून बिड्या ओढल्या, आणि गोपाळ सदरा काढून तयार झाला. छबूबाई दारात उभी होती. असले मुकादम तिनं फडात लय बघितले होते. माणूस खाली गेला की हे वरून फक्त घाई करतात.

"अरे, असाच उतरतूस?" ती म्हणाली. "थांब."

घरात जाऊन तिनं धुण्याची दोरी सोडली. नायलॉनची, चांगली जाड होती. गोपाळ हसला. "मावशी, मला काय हिरीत टाकायलाव का?"

"बांध म्हनते न्हवं!"

त्यानं काखेखालून दोरी गुंडाळून घेतली, दुसरं टोक जोडीदाराच्या हातात दिलं आणि लोखंडी पायऱ्यांनी खाली उतरला. खालून त्याचा आवाज येत होता. पांढरट चरबीचे गोळे नळीच्या तोंडाशी दगडासारखे बसलेत, म्हणत होता. तो पहारीनं फोडायचा, हातानं बादलीत भरायचा. वास तर असा उठला की बायांनी नाकाला पदर लावले.

जरा वेळानं खालून आवाज आला, "वास कमी झाला बगा आता. काहीच येईना."

मुकादमाला बरं वाटलं. छबूबाईला मात्र बरं वाटेना. वास कमी झाला नव्हता. वरती तर डोळ्यांतून पाणी येत होतं. मग खाली त्याला वास का येत नव्हता? आणि तेवढ्यात चढावरच्या मिलचा भोंगा झाला. दुपारची पाळी सुटली. पाळी सुटली की टाकी रिकामी करतात, हे रंगनाथानंच सांगितलं होतं.



"वर काढा त्याला! आत्ताच्या आत्ता!"

"मावशी, बाजूला व्हा जरा," मुकादम म्हणाला. "एवढा गोळा निघाला की झालं."

"वरून गरम पानी यायलंय! तेजाबाचं!"

मुकादमानं ऐकल्यासारखंच केलं नाही. छबूबाईनं घरातला फोन उचलून रंगनाथाला लावला. वाजत राहिला. यंत्रांच्या घरघरीत त्याला फोन कधीच ऐकू यायचा नाही. तिनं फोन टाकला आणि सविताला दंडाला धरून चेंबरपाशी आणलं.

"ती दोरी तू धर. कुनी काही म्हनू दे, वढत ऱ्हा. कमळे, तूबी ये! मी मिलला जाते."

कमलबाई जागची हलली नाही. सवितानं दोरीला हात घातला.

छबूबाई चढ चढायला लागली. गुडघे कधीचे कामातून गेले होते. पायातली चप्पल निसटली ती तिनं तिथंच सोडली. डांबर तापलेलं होतं. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई ती, पण तेव्हा मोळी टाकून देता यायची. फाटकावरच्या वॉचमननं "कुठं? कुठं?" केलं, तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

टाकी मागच्या अंगाला होती. खाली दोन बाया सरकी झाडत होत्या. रंगनाथ कॉकशी उभा होता, शेजारी व्यंकटराव. कॉक उघडलेला होता. नळी थरथरत होती आणि जमिनीत जाणाऱ्या तोंडातून वाफ निघत होती.

"रंगा! बंद कर ते!"

त्याला ऐकू गेलं नाही. तिनं जवळ जाऊन त्याचा हात पकडला.

"चेंबरात मानूस हाय. आपल्या दारातल्या. खाली उतरलाय तो, रंगा, बंद कर!"

रंगनाथ मालकाकडं वळला.

"कुनी उतरवला?" व्यंकटराव म्हणाले. "आमाला काही कळवलं का? टाकी गळ्यापत्तुर भरलीय, अजून उकळतीय. बंद केलं तर इथं उतू जाईल. इथं मानसं न्हाईत का?"

ते खोटं बोलत नव्हते. टाकीच्या काठावरून आताच फेस सांडत होता, आणि झाडणाऱ्या बाया बरोबर त्याखाली होत्या. रंगनाथाचा हात कॉकवर तसाच राहिला. छबूबाईनं त्याचा हात सोडला. आपण ओढून हे होणार नाही, हे तिला कळलं.

"तुहा बाप ट्रालीखाली व्हता," ती म्हणाली, "तवा मुकादम आधी ऊस मोजायला लागला व्हता."

रंगनाथानं कॉक फिरवला. मग त्या बायांना ओरडून पळवलं, आणि टाकीच्या दुसऱ्या अंगाचं तोंड उघडलं. ते अंगणाकडं होतं. वाफाळतं पाणी जमिनीवरून फेसाळत गेलं आणि सरळ पेंडीच्या थप्पीत शिरलं. विक्रीला बांधून ठेवलेली पोती तळापासून भिजायला लागली.

"रंगनाथ!" व्यंकटराव किंचाळले. "पेंड गेली माझी! नीघ इथून! पुन्हा पाय ठेवू नको!"

छबूबाई ऐकायला थांबली नाही. थोडं पाणी आधीच सुटलेलं होतं.

ती गल्लीत पोचली तेव्हा चेंबरभोवती आरडाओरड चालली होती. सविता, गोपाळचा जोडीदार आणि कमलबाई, होय, कमलबाईसुद्धा, तिघं दोरी ओढत होती. खालून आवाज बंद झाला होता. गोपाळचं डोकं वर दिसत होतं, पण मान पडलेली, आणि एक खांदा चेंबरच्या तोंडाच्या कडेला अडकलेला. मुकादमाला आता घाम फुटला होता. पायरीवर पाय ठेवून तो आत उतरू बघत होता.

छबूबाईनं त्याची गचांडी धरून त्याला मागं ओढलं. "तू उतरलास तर तुला कोन काढील? वरून वढ!"

ती पालथी पडली आणि हात आत घालून तिनं तो खांदा मोकळा केला. तेवढ्यात तिलाही गरगरायला लागलं. सगळ्यांनी मिळून हिसका दिला आणि गोपाळ बाहेर आला. गुडघ्यापर्यंत पाय लालभडक, ओठ निळे. सवितानं प्यायच्या पाण्याची घागर त्याच्या पायांवर ओतली. कुणीतरी रिक्षा आणली. तो श्वास घेत होता की नाही, हे रिक्षा हलेपर्यंत कुणाला कळलं नाही. मग त्याला खोकला आला. खोकल्याचा तो आवाज ऐकून कमलबाई रस्त्यातच बसून रडायला लागली.

गोपाळला परभणीला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी सोबत गेलेल्या सविताला सांगितलं की त्या गाळावर तेजाब पडलं की विषारी वायू सुटतो. आधीच्या पाण्यानं तो साचलेलाच होता, पहारीनं गाळ हलला तसा वर आला. आणि तो फार झाला की नाक बधिर होतं, वासच येत नाही.

छबूबाई भेटायला गेली तेव्हा गोपाळची बायको बायनाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात बसली होती. छबूबाईनं तिच्यापुढं भाकरीचं गाठोडं ठेवलं. बायनाबाईनं तिचे दोन्ही हात धरले. "तुमच्या दोरीनं वाचला म्हनतेत समदे." मग तिनं विचारलं, "पर ते उकळतं पानी कुठून आलं वं माय? गटारीत कोन उकळतं पानी सोडतंय?"

छबूबाईनं भाकरीचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं. "खाऊन घे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्यंकटराव घरी आले. बाजेवर बसले, पाणी प्याले. आवाज मऊ होता.

"छबूबाई, रागाच्या भरात बोललो मी. रंगनाथाला कामावर घ्यायलोच आहे. चेंबरात गॅस असतोच, कंत्राटदारानं मानूस उतरवायला नको होता. चूक त्याची हाय का न्हाई?"

"हाय," छबूबाई म्हणाली. तीही खरीच गोष्ट होती.

"मंग उद्या पंचनाम्याला मॅडम येतील. तुमी मिलचं नाव काढलं तर पोलीस पहिल्यांदा काय विचारतील? कॉकवर हात कुनाचा व्हता." त्यांनी रंगनाथाकडं बघितलं. "मी काही म्हनत न्हाई. तुमीच इचार करा."

ते गेल्यावर रंगनाथ म्हणाला, "माय, काही सांगू नको."

"तू सांग मंग."

"मी कॉक बंद केला न्हवं? पेंड बुडवली मालकाची. अजून काय पायजे तुला?"

"गोपाळच्या बायकूनं इचारलं मला. त्वांड उघडलं न्हाई माह्यानं. पाराव मॅडमनं इचारलं, तवाबी न्हाई." छबूबाई म्हणाली. "तवा बोलले असते तर तो उतरलाच नसता, रंगा."

रंगनाथ त्याच वेळी पिशवी उचलून सोनपेठला मामाकडं निघून गेला. सविता दारात उभी राहून बघत राहिली. तिनं त्याला थांबवलंही नाही, आणि सासूला बोलही लावला नाही.

सकाळी सुकेशनी मॅडम, पोलीस आणि मिलचा वकील चेंबरपाशी जमले. मॅडम एकेका घराला विचारत गेल्या. कुणी काही बघितलं नव्हतं. कमलबाईनं दोरी ओढल्याचं कबूल केलं, पाण्याचं विचारल्यावर जमिनीकडं बघत राहिली. मॅडम छबूबाईपुढं आल्या. त्यांनी विचारायच्या आधीच ती बोलली. तिनं दाराची चौकट धरली होती.

"पानी मिलचं. तेजाबाचं. रोज येतंय. कॉक माह्या पोरानं उघडला, मालकाच्या सांगण्यावरून. आन् त्यानंच बंद केला. मला हे पाराव बसल्या दिवशीच ठावं व्हतं, मॅडम. तुमी इचारलं व्हतं, मी सांगितलं न्हाई. तेबी लिवा."

वकील काही बोलायला लागला. मॅडमनी हातानं त्याला थांबवलं. "लिहिते, मावशी," त्या म्हणाल्या. मग सगळे चढावर मिलकडं गेले. टाकीपासून गटारीपर्यंतची नळी विनापरवाना निघाली. त्याच दिवशी ती तोडून सिमेंटनं बुजवली.

मिल बंद झाली. गल्लीतली निम्मी घरं बसून राहिली आणि त्याचा राग छबूबाईवर निघाला. नळावर ती आली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. दारात कुणीतरी खरकटं टाकून जायचं. खानावळवाला मिलच्याच लोकांवर चालत होता, त्यानं भाकरी घेणं बंद केलं. कंत्राटदारावर, व्यंकटरावांवर गुन्हा दाखल झाला, आणि व्यंकटराव म्हणाले होते तसंच, रंगनाथाचंही नाव आत आलं. पोलीस सोनपेठला जाऊन त्याला घेऊन आले. छबूबाई ठाण्याबाहेर दिवसभर बसून होती. बाहेर आल्यावर तो तिच्या शेजारून निघून गेला.

मिल पुन्हा चालू व्हायला पावसाळा लोटला. आता मागच्या अंगाला हौद बांधलेत. पाणी आधी तिथं निवतं, चुना टाकून तेजाबाचा जोर मोडतात, तेल वरच्या वर काढून घेतात आणि मग, मॅडमनी तपासल्यावरच, ते गटारीत येतं. सविताच्या न्हाणीला वास येत नाही. बाया हळूहळू बोलायला लागल्या. पहिली कमलबाईच आली, ताक मागायच्या निमित्तानं. गोपाळ वाचला, पण त्याला दम लागतो. तो आता बाजारात लिंबं विकतो.

रंगनाथाला व्यंकटरावांनी परत घेतलं नाही. तो सेलूला एका जिनिंगमध्ये लागला आणि सविताला तिकडं घेऊन गेला. पोलिसांनी पुढं त्याचं नाव आरोपींतून काढून साक्षीदारांत घातलं. छबूबाईकडं तो सणावारी यायचा, बसायचा, जेवायचा, आणि तिच्याशी बोलायचं ते सविताच्या तोंडून बोलायचा.

साक्षीची तारीख आली तेव्हा दोघांनाही बोलावणं होतं. छबूबाईची साक्ष आधी झाली. मग ती मागच्या बाकावर बसून राहिली. मिलच्या वकिलानं रंगनाथाला विचारलं, आईच्या धाकानं तुम्ही मालकाचं नाव घेता का?

"न्हाई," रंगनाथ म्हणाला. "कॉक मी उघडला. आदीबी रोज मीच उघडत व्हतो. पानी गरम हाय, त्यात तेजाब हाय, हे मला म्हैत व्हतं, मालकालाबी म्हैत व्हतं. माह्या बायकूचा पाय भाजला, तरीबी उघडलाच मी."

खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे. त्या दिवशी कोर्टातून बाहेर पडल्यावर दोघं बसस्टँडपर्यंत चालत आले. रंगनाथ पुढं, छबूबाई गुडघे सांभाळत मागं. सेलूची गाडी लागलेली होती. तो पायरीपाशी थांबला.

"माय, तुह्यामुळं माझी नौकरी गेली. ते मी इसरलो न्हाई."

"इसरू नको," छबूबाई म्हणाली.

त्यानं मान हलवली. गाडीत चढला, खिडकीपाशी जागा धरली, आणि खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाला, "सविताला सातवा लागलाय. बाळंतपणाला तू येशील न्हवं? का तिच्या आईला बोलवू?"

गाडी हलायला लागली होती. छबूबाईनं कंडक्टरला हात करून ती थांबवायला लावली. पिशवी तिच्या हातातच होती. ती तशीच चढली.